पाइपाला लागला तर चालू

नाशिकमध्ये मी फुटबॉल खेळतो असं सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "ते ठीक आहे, पण काम काय करता?" हेच काम, असं म्हटलं की तो एकदा माझ्या पायांकडे बघतो, एकदा तोंडाकडे. मग सलूनवाला असो की रिक्षावाला, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "टीव्हीवर दिसता का?" एकदा दिसलो होतो. चांगला स्पष्ट दिसलो होतो, आणि त्यानंतर दोन वर्षं, आपल्याला कुणी बघितलं नसतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटत राहिलं. ते पुढे सांगतोच.

या उन्हाळ्यात सीझन संपवून एकलहऱ्याला घरी आलो तेव्हा मला तेविसावं लागलं होतं आणि अंगात साठीतल्या माणसाचा शीण होता. नाशिकरोडला उतरून शेअर रिक्षात बसलो. मांडीवर बॅग, बॅगेत बूट, आणि अजून दोन सीट मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही असं रिक्षावाल्याने ठरवलेलं. एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी मला त्या उभ्या रिक्षात बसून राहायला बरं वाटलं. कुणी नाव घेऊन हाक मारत नव्हतं, कुणी शिट्टी वाजवत नव्हतं. सीट भरल्या तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं.

लोकांना वाटतं खेळाडू धावून दमतो. धावून भूक लागते, झोप लागते. माणूस दमतो तो वाट बघून. मी विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने, पांढऱ्या रेघेला धरून पळणारा. मधल्या पोरांकडे बॉल सारखा येत-जात असतो. कडेवरच्याने पळायचं, मोकळी जागा गाठायची, हात वर करायचा आणि बॉल दुसरीकडे गेला की परत मागे यायचं. आई आयुष्यात एकदाच माझी मॅच बघायला आली, मुंबईला. परतताना कसाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं येरझाऱ्यानं. तुला बॉल कुणी देतच नाय, मग पळतो कशाला?" माझ्या कुठल्याही कोचने माझ्या खेळाबद्दल इतकं नेमकं सांगितलेलं नाही.

आणि हे झालं मैदानावरचं. त्याच्या आधी बेंचवरचं असतं. अंगात रंगीत बिब घालून रेघेबाहेर वॉर्म-अप करत राहायचं, कोच वळून बघतो का याच्यावर एक डोळा ठेवायचा. त्याच्याही आधी यादी लागण्याचं, बस सुटण्याचं, सीझन संपल्यावर क्लबचा फोन येण्याचं. आमच्यासारख्यांचे करार एकेका वर्षाचे. दर उन्हाळ्यात आपण कोण आहोत हे दुसऱ्या कुणीतरी फोन करून सांगायचं असतं.

यंदा दोन फोन आले. पहिला क्लबचा. आणखी एक वर्ष ठेवतो म्हणाले, पण विंगर म्हणून नाही, बॅक म्हणून. म्हणजे मागे राहायचं, समोरच्या विंगरला अडवायचं, आजवर मला ज्यांनी अडवलं त्यांच्यातला एक व्हायचं. दुसरा फोन एका सरकारी खात्याचा. खेळाडूंच्या कोट्यातून मी ट्रायल दिली होती, त्यात पास झालो होतो. नोकरी पर्मनंट, नाशिकमध्येच, सकाळी ऑफिस, संध्याकाळी खात्याच्या टीमचा सराव, वर्षातून दोन-तीन स्पर्धा. खरा फुटबॉल संपला असंच त्याला म्हणायचं. दोन्हीकडे त्याच आठवड्यात उत्तर द्यायचं होतं, आणि दोन्ही करता येत नव्हतं.

आईचं मत घराच्या उंबऱ्यापासूनच कळत होतं. तिने नोकरीचं ऐकल्यापासून देवासमोर दिवा दोनदा लागत होता. "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको," ती म्हणाली, आणि आमच्या घरात ही म्हण फारच चपखल बसत असल्यामुळे मला हसू आलं. तिला नाही आलं. ती नांदगावकडच्या एका खेड्यातून लग्न करून वीज केंद्राच्या या कॉलनीत आली. पप्पाही तिकडचेच. पप्पांनी ठेकेदाराकडे बरीच वर्षं काढली, मग ते पर्मनंट झाले, आणि ते झाले त्या दिवशी आईने क्वार्टरांच्या आख्ख्या लाइनमध्ये पेढे वाटले. पर्मनंट हा आमच्याकडे फार मोठा शब्द आहे.

पप्पा काही बोलले नाहीत. पप्पा कधीच काही बोलत नाहीत. त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं, दिवाळीनंतर क्वार्टर सोडायची होती. ते ड्युटीवर जायचे, यायचे, जेवायचे, आणि माझ्या पायाला बर्फ लावलेला दिसला की टीव्हीचा आवाज कमी करायचे.

पप्पांचं काम समजल्याशिवाय माझा खेळ समजायचा नाही, म्हणून ते आधी सांगतो. वीज केंद्रात कोळसा जळतो, त्याची राख होते. ती राख पाण्यात कालवून जाड लोखंडी पाइपांतून लांब तळ्यात सोडायची. पप्पा त्या पाइपांवर होते. कधी पंप हाउसमध्ये, कधी लाइनवर, म्हणजे पाइपाच्या कडेकडेने चालत जायचं, सांधे बघायचे, कुठे गळतंय का ते बघायचं. राख वाळूसारखी घासते. पाइपाची खालची बाजू आधी झिजते, म्हणून ठरावीक काळाने पाइप सोडवायचा, थोडा फिरवायचा आणि परत जोडायचा. झिजलेली बाजू वर, कोरी बाजू खाली. असा तो पुनःपुन्हा फिरवून वापरायचा. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच वडील पाइप फिरवतात.

हा पाइप आमच्या मैदानाला लागून जायचा. मैदान म्हणजे कॉलनीच्या टोकाची सपाट जागा. काळी माती, तिच्यावर राखेचा थर, दोन बाजूंना बांबूचे गोलपोस्ट. फुटबॉल कॉलनीत आणला बॉयलरवरच्या एका बंगाली साहेबांनी. ते बदली होऊन गेले, खेळ राहिला. फक्की कोण आणून देणार, म्हणून रेघा आम्ही राखेनेच मारायचो, काळ्या मातीवर करड्या रेघा. पण पाइपाच्या बाजूला रेघ नव्हतीच. तिथे पाइप होता, गुडघाभर उंच, सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बॉल त्याला लागून परत यायचा. मग बाहेरून आत फेकायचा थ्रो कशाचा आणि कुणाचा? नियम झाला: पाइपाला लागला तर चालू. पाइपावरून पलीकडे रस्त्यावर गेला तरच बाहेर, आणि ज्याने मारला त्याने आणायचा.

नवीन आलेल्या पोराला हा नियम पहिल्या दिवशी सांगितला जायचा. तो पाळायला सोपा आणि वापरायला अवघड होता. पाइप गोल. बरोबर पोटावर बसला तर बॉल सरळ परत, जरा वर लागला तर उडून रस्त्यावर. राख वाहत असली की आवाज बसका यायचा, रिकामा असला की ठणकन. समोर डिफेंडर उभा राहिला की मी बॉल पाइपावर मारायचो, स्वतः आतल्या बाजूने त्याला वळसा घालायचो, आणि बॉल पाइपाला लागून त्याच्या पाठीमागे माझ्या पायात यायचा. पास द्यायला दुसरा माणूस लागत नसे. हाफ टाइमला बाजू बदलल्या तरी मी पाइप सोडायचो नाही, म्हणून मला उजवीकडूनही खेळता आलं आणि डावीकडूनही. माझ्यात जे काही आहे ते सगळं त्या पाइपाने दिलेलं आहे.

पाइपाखाली फटी असायच्या, त्यातून बॉल निसटायचा. आम्ही तिथे विटांचे तुकडे कोंबून ठेवायचो. पप्पा लाइन बघायला आले की वाकून ते तुकडे एकेक काढत जायचे, कारण खाली ओल दिसायला हवी. ते पुढे गेले की आम्ही परत भरायचो. त्यांनी आम्हाला कधी हाकललं नाही, कधी थांबून खेळही बघितला नाही. निदान मला तसं वाटायचं. पाइपाच्या पलीकडून त्यांचं डोकं एका संथ चालीने जाताना दिसायचं, तेवढंच.

पंधराव्या वर्षी मी दुसऱ्या राज्यातल्या एका अकादमीत निवडला गेलो. तिथे हिरवं गवत होतं, चारी बाजूंना पांढरी फक्की होती आणि फक्की म्हणजे भिंत होती. तिच्यापलीकडे काही नाही. पहिले काही दिवस मी बॉल कडेला मारून परत यायची वाट बघत उभा राहायचो. पोरं हसायची, मीही हसायचो. मग ती सवय गेली. भाषा बदलते तशी पायांनी ती टाकून दिली. पुढची वर्षं मी शहाण्यासारखा खेळलो, रेघ बघून, आणि विसाव्या वर्षी एका छोट्या क्लबने मला करार दिला. टीव्हीवर जिच्या जाहिराती लागतात त्या स्पर्धेतला नव्हे, तिच्या खालच्या पायरीवरचा. पण व्यावसायिक. आईने त्यासाठी सप्तशृंगीला नवस बोलला होता, तो मात्र तेव्हा फेडायचा राहून गेला. त्याचं नंतर.

पहिल्या सीझनमध्ये मी बेंचवर इतका बसलो की बेंचच्या फळीवरची एक खिळ्याची जागा मला पाठ झाली होती. मग एका दुपारी बरोबरी चालू असताना, शेवटची काही मिनिटं उरली असताना, कोच वळले आणि माझ्याकडे बोट केलं. मॅच टीव्हीवर होती, म्हणजे मोबाइलवर तरी नक्कीच होती. मी कॉलनीच्या ग्रुपवर आधीच टाकून ठेवलं होतं.

मैदान जुनं, अरुंद. जाहिरातींचे बोर्ड रेघेला जवळजवळ चिकटून ठेवलेले, गुडघाभर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बॉल आला. समोर त्यांचा बॅक, माझ्या दीडपट, त्याच्यामागून दुसरा धावत येतोय. विचार करायला वेळ नव्हता, आणि विचार न करता जे पाय आतून बाहेर आले ते एकलहऱ्याचे होते. मी बॉल उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने बोर्डावर मारला, स्वतः आतून वळसा घातला, बॉल बोर्डाला लागून नेमका माझ्या पायात आला. आख्खी बाजू मोकळी होती. मी दोन पावलं आत जाऊन गोलासमोर क्रॉस टाकला. आजवर टाकलेला माझा सगळ्यात चांगला क्रॉस.

आमचा स्ट्रायकर कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यांचा गोलकीपर बाटलीतून पाणी पीत होता. बॉल गोलासमोरून एकटाच घरंगळत पलीकडे गेला. मग मला शिट्टी ऐकू आली, ती केव्हापासून वाजत होती कोण जाणे, आणि बॉल रेघेबाहेर गेल्याचा लाइन्समनचा झेंडा दिसला. बॅक हसत होता. तो वाईट माणूस नव्हता, त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. कॉमेंटरीवालेही हसत होते, हे मला नंतर कळलं.

कोच दक्षिणेतले, हिंदी तुटक बोलायचे. ड्रेसिंग रूममध्ये त्यांनी एकच विचारलं. "तू किसके साथ खेल रहा था?" मी "सॉरी सर" म्हणालो. पाइपाबरोबर, असं सांगायला हवं होतं, पण ते कुठल्याही भाषेत सांगून कुणाला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याची क्लिप फिरायला लागली. कुणीतरी खाली गाणं टाकलं होतं. टीममध्ये माझं नाव कॅरम पडलं, कारण कॅरममध्ये असाच कडेला आपटून फटका मारतात. प्रेमाने पडलेलं नाव होतं, पण मी जिथे जाईन तिथे ते माझ्याआधी पोचायचं. दुसऱ्या टीमचे बॅक मला रेघेकडे ढकलायचे आणि बोर्डाकडे बोट दाखवायचे. ट्रायलला, हॉटेलात, एकदा तर नाशिकरोडच्या भेळभत्त्याच्या गाडीवर एका अनोळखी पोराने विचारलं, "भाऊ, तो बोर्डवाला तूच ना?" मी नाही म्हणालो आणि भेळ अर्धी टाकून निघालो.

मॅचच्या रात्री उशिरा मी घरी फोन केला होता. आई म्हणाली, लाइट गेली होती, बघता आलं नाही. आमच्याकडे वीज केंद्राच्या दाराशी लाइट जायची नाही, पण मी ते धरून बसलो नाही. पप्पांनी फोन घेतला आणि विचारलं, "जेवला का?" जेवलो म्हटलं. "बरं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला. त्या दिवशी त्यांची दुपारची पाळी होती, त्यांनी काही बघितलंच नसणार, असं मी स्वतःला समजावलं. कधी वाटायचं, बघितलंय आणि शरम वाटली असेल. दोन वर्षं आमच्यात हा विषय निघाला नाही.

मग मी पळालो. दुसरं काय करणार. दोन सीझन मी असा पळालो की जणू पुरेसं पळाल्यावर ती क्लिप मागे राहील. शेवटची दहा मिनिटं आत जायचं, दमलेल्या बॅकला आणखी दमवायचं, परत यायचं. मांडीमागचा स्नायू एकदा दुखावला, बरा झाला, परत दुखावला. नेमका त्याच काळात आईला नवस आठवला. करार मिळाला तर पोरगा पायऱ्या चढून गडावर येईल असं ती देवीला बोलली होती. फिजिओने जिने चढायला बंदी केलेली. गडावर आता ट्रॉली झाली आहे, दोन मिनिटांत वर नेते, पण नवसात ट्रॉली नव्हती. पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत बसने गेलो आणि मग मी त्या पायऱ्या चढलो. मध्ये मध्ये बसत, एका म्हाताऱ्या बाईच्या काठीवर लक्ष ठेवत, कारण तीही बसत होती आणि माझ्या पुढे जात होती. वर पोचलो तेव्हा आईने माझ्यासाठी काय मागितलं ते तिने सांगितलं नाही. मी मागितलं की लोकांनी विसरावं.

लोक विसरले नाहीत, पण त्यांचं लक्ष दुसऱ्या क्लिपांकडे गेलं. मीच विसरलो नाही. यंदा नवे कोच आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, तुझा वेग कमी झालाय, पण तू रेघ ओळखतोस, तुला बॅक करतो. मला पप्पांचा पाइप आठवला. एक बाजू झिजली, आता फिरवून घ्यायची. रागही आला नाही. हो म्हणायचं मनात होतं, आणि त्याचं कारण खेळाची हौस हे नव्हतं. मला आणखी एक वर्ष हवं होतं, ती एक दुपार खोडून काढायला. नोकरी धरली असती तर कॅरम हेच माझं शेवटचं नाव राहिलं असतं.

अशा विचारात आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी आईचा चेहरा चुकवायला म्हणून मी बॉल घेऊन मैदानावर गेलो.

पाइप नव्हता. त्या बाजूची लाइन बंद झाली होती. आता बरीचशी राख कोरडीच टँकरमधून जाते, विटांना, सिमेंटला. पाइप कापून नेला होता, सिमेंटचे ठोकळे तेवढे ओळीने उरले होते, मधून गाजरगवत आलेलं. बांबूचे गोलही गेले होते. एका कोपऱ्यात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि मी तिथे काय करतोय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मी बॉल खाली ठेवला. सवयीनेच कडेला मारला आणि आतून वळसा घातला. बॉल दोन ठोकळ्यांच्या मधून गेला, गवतातून गेला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मी वळून बघतो तर पलीकडे पप्पा. सकाळची पाळी संपवून, कुणाच्या तरी घरी थांबून येत असावेत. खांद्याला डब्याची पिशवी, पायात ते लोखंडी टोकाचे बूट. बॉल त्यांनी पायाने थांबवला. जरा वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले, मग उचलून हातात घेऊन रस्ता ओलांडून आले.

"नेला पाइप," ते म्हणाले.

"कधी?"

"होळीच्या आधी. मीच सोडवून दिला."

आम्ही दोघं ठोकळ्यांवर बसलो. पप्पांनी बॉल मांडीवर ठेवला होता, त्याच्यावरून ते हात फिरवत होते. मला वाटलं आता नोकरीचं बोलतील. ते म्हणाले, "त्या मॅचला तू बोर्डावर मारला ना."

दोन वर्षांनी, आणि आज.

"आम्ही बघत व्हतो," पप्पा म्हणाले. "पंप हाउसमधी, टेबलावर मोबाइल उभा करून. चार-पाच जण व्हतो. तू आत आला, बॉल आला, तू बोर्डावर मारला, तो बराबर तुझ्या पायात आला, तू आत टाकला. मी टाळी वाजवली. लय चांगला टाकला व्हता. मग ते सगळे उभेच राह्यले. मला कळंना, का थांबले. मी म्हनलं, अरे चालू हाय, पाइपाला लागला, पळा की. तर आपला पंपावरचा म्हनतो, भाऊ, तिथं पाइप कुठाय."

ते थोडे हसले. स्वतःवरच.

"लय वेळ मला वाटत व्हतं, रेफ्रीच चुकला. घरी येईपर्यंत वाटत व्हतं."

"मग फोनवर बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुला वाईट वाटलं आसंल. मला तर चांगलं वाटलं व्हतं. ते कसं सांगायचं?"

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी रडलो, एवढं खरं. आवाज न करता, पण चांगला रडलो, आणि पप्पा क्रिकेटच्या पोरांकडे बघत बसले. सगळ्या जगाने ती मॅच बघून झेंडा बघितला होता. एक माणूस असा होता की त्याला झेंडा दिसलाच नाही, कारण तो माझ्यासारखाच बॉल परत यायची वाट बघत होता. इतकी वर्षं पाइपाच्या पलीकडून जाणारं ते डोकं आमचा खेळ बघत होतं, नियमासकट. म्हणजे मी त्या दुपारी एकटा खेळत नव्हतो. कोचच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

आणि मग माझ्याकडे खोडून काढायला काही उरलं नाही. हे इतकं अचानक झालं की मला आधी कळलंच नाही. दोन वर्षं ज्याच्या जिवावर मी पळत होतो ते अंगातून निघून गेलं, आणि त्याच्याखाली नुसता थकवा होता. साधा, स्वच्छ थकवा, झोप आली की जातो तसला. मला वाईट वाटलं. मी आतापर्यंत फुटबॉलवरच्या प्रेमाने पळतोय असं समजत होतो, आणि ते प्रेम त्यात किती थोडं उरलं होतं ते त्या ठोकळ्यावर बसल्यावर दिसलं.

"पप्पा, मी दमलोय," मी म्हणालो.

"दिसतंय."

"नोकरी घेतो."

"घे," ते म्हणाले. मग बॉलवरची माती पुसत, "तिथं पन खेळावं लागंल ना?"

"हो. खात्याच्या टीममधून."

"कुठं खेळशील? पुढं का मागं?"

मला हे कुणी विचारलं नव्हतं. खात्याच्या साहेबांनीही नाही, त्यांना त्याने काही फरक पडत नव्हता. "कडेला," मी म्हणालो.

पप्पांनी मान हलवली. डब्याची पिशवी ठोकळ्यावर ठेवली, उठले, बॉल माझ्याकडे टाकला आणि पाइप जिथून जायचा त्या जागेवर दोन ठोकळ्यांच्या मध्ये पाय जोडून उभे राहिले. त्यांनी आयुष्यात कधी बॉलला पाय लावलेला मी बघितला नव्हता.

"मार," ते म्हणाले.

मी हळूच मारला आणि वळसा घातला. बॉल त्यांच्या बुटाच्या लोखंडी टोकाला लागला आणि भलतीकडेच, क्रिकेटच्या पोरांच्या दिशेने निघाला. मी थांबलो.

"थांबला का?" पप्पा म्हणाले. "चालू हाय."

मी त्याच्यामागे पळालो.